छपरावरची कांच आणि कोंकणचा पाऊस

कोंकणांतील घराची परीक्षा भिंतीवरून होत नाहीं; ती छपरावरून होते. वैशाख सरत आला कीं पालीच्या आळीआळींतून शाकारणीची लगबग सुरू होते. फुटकीं कौलें बदललीं जातात, सरकलेलीं जागच्या जागीं बसवलीं जातात, पन्हळींतला पाचोळा काढला जातो, आणि मगच घरचा कर्ता निश्चिंत मनानें मृगाची वाट पाहूं लागतो. या कौलांच्या रांगेंत एखादें कांचेचें कौल बसवण्याची चालहि आपल्याकडे जुनी आहे. माजघरांत त्यांतून प्रकाश उतरे, आणि दिवसाढवळ्या दिवा लावण्याची गरज पडत नसे. परंतु शाकारणीच्या वेळीं आधीं कोणती जागा तपासावी, तर त्या कांचेच्या कौलाच्या भोंवतालची, हें जुन्या माणसांस शिकवावें लागत नसे. जेथून उजेड येतो तेथून पाणीहि येऊं पाहतें.

घरावरचें हें कांचेचें कौल आतां मोटारीवर जाऊन बसलें आहे, आणि तेंहि भलत्याच मोठ्या आकारानें. 'पॅनोरामिक सनरूफ' या भारदस्त नांवानें ओळखलें जाणारें हें छत पुढच्या आसनापासून मागच्या आसनापर्यंत पसरलेलें असतें. बहुधा त्याची पुढची कांच सरकते व मागची कायमची चिकटवलेली असते. ही चैन आतां डोंगरांत, चिखलांत, दगडगोट्यांतून जाण्यासाठीं बांधलेल्या दणकट गाड्यांवरहि आली आहे. १९४७ पासून मुंबईंत जुळणी होऊं लागलेल्या जीप गाडीस ताडपत्रीचें छप्पर असे. तें गळे, पण तें गळणार हें सर्वांस आधींच ठाऊक असल्यामुळें कोणी तक्रार करीत नसे. त्याच कुळांतली महिंद्र कंपनीची थार रॉक्स ही गाडी ऑगस्ट २०२४ मध्यें बाजारांत आली, आणि तिच्या वरच्या प्रतींना मात्र असें विस्तीर्ण कांचेचें छत आहे. पुणें जिल्ह्यांतील रांजणगांव येथें २०१७ पासून तयार होणाऱ्या जीप कंपासच्या वरच्या प्रतींनाहि तें मिळतें. म्हणजे महागणपतीच्या गांवीं जन्मलेली गाडी बल्लाळेश्वराच्या दर्शनास पालीला येते, असा योग आतां घडूं लागला आहे.

आणि ती येते तीहि नेमकी पावसांत. रायगड जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व त्यांतला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भाद्रपदांतील उत्सव याच काळांतला. मुंबईहून वाकणमार्गें किंवा पुण्याहून खोपोलीमार्गें आलेल्या गाड्यांत आजीआजोबा, सुना, नातवंडें, नैवेद्याचे डबे आणि सोंवळ्याचीं गांठोडीं अशी दाटी असते. सरसगडाच्या पायथ्याशीं झाडाखालीं जागा मिळाली कीं गाडी तेथें उभी राहते. दोनतीन तास तिच्या टपावर पाणी, पानें आणि काटक्या पडत राहतात. आणि परतीच्या वाटेवर पहिल्या उतारावर ब्रेक दाबतांच मागच्या आसनावरील आजीबाईंच्या अंगावर छतांतून थंड पाण्याची धार येते. असे प्रसंग आम्ही पालींत एकदां नव्हे, अनेकदां पाहिले आहेत. त्यानंतर जी बोलणीं होतात त्यांत गाडीस, कंपनीस व ती घेणाऱ्या मुलास दोष मिळतो. पाण्यानें कोणती वाट धरली हें मात्र कोणी पाहत नाहीं. म्हणून हा लेख.

सर्वसाधारण समज असा कीं कांचेभोंवतीं जी रबरी पट्टी असते तीच पाणी अडवते, आणि पाणी आंत आलें म्हणजे ती पट्टी बिघडली. हा समज अर्धवट आहे, आणि पुष्कळसा अनर्थ या अर्धवटपणांतूनच निघतो. बल्लाळेश्वराच्या दगडी मंदिराचे सांधे शिसें ओतून बसवले आहेत असें सांगतात. मोटारीच्या सरकत्या छतास असा सांधा करतां येत नाहीं, कारण तें उघडावें लागतें. रबर कितीहि चांगलें असलें तरी त्याला चुकवून थोडें पाणी आंत शिरणारच, हें रचना करणारानें आरंभींच गृहीत धरलेलें असतें. म्हणून कांचेच्या कडेखालीं सभोंवार एक पन्हळ ठेवलेली असते. तिच्या कोपऱ्यांस भोकें असतात व प्रत्येक भोकास करंगळीहूनहि बारीक अशी नळी जोडलेली असते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या कांचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून खालीं उतरून दाराच्या बिजागरीपाशीं किंवा पुढच्या चाकाच्या वरच्या अंगास उघडतात. मागच्या दोन नळ्या मागच्या खांबांतून उतरून मागच्या चाकापाशीं किंवा बंपरच्या आंतल्या बाजूस उघडतात. नक्की जागा प्रत्येक गाडींत निराळी असते आणि ती जाणत्या कारागिराकडून एकदां पाहून ठेवावी.

सारांश, हें छत पाणी अडवीत नाहीं. तें पाण्यास वाट देतें. पाणी गळूं लागलें म्हणजे बहुतेक वेळां रबर झिजलेलें नसतें, तर ही वाट बुजलेली असते. आपल्या ओटीवरची पन्हळ पाचोळ्यानें तुंबली कीं पाणी उलटून भिंतींत मुरतें. त्यांतलाच हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं घराची पन्हळ डोळ्यांस दिसते आणि गाडीची दिसत नाहीं.

या बाबतींत २०२३ च्या आरंभीं एक प्रकरण देशभर गाजलें. डोंगरी रस्त्यावरील एका धबधब्याखालीं स्कॉर्पिओ-एन गाडी नेली असतां तिच्या छतांतून आंत पाण्याच्या धारा लागल्या, असें एक चलच्चित्र लोकांनीं पाहिलें. थोड्याच दिवसांत कंपनीनें तशीच गाडी धबधब्याखालीं उभी करून आंत थेंबहि येत नाहीं असें दुसरें चलच्चित्र प्रसिद्ध केलें. त्या गाडीचें छत लहान, एकाच कांचेचें होतें. तत्त्व मात्र तेंच. लोकांनीं दोन पक्ष केले व खरें कोण, खोटें कोण, याचा वाद घातला. आम्हांस त्यांतून निराळाच बोध घ्यावासा वाटतो. एकाच जातीच्या दोन गाड्यांपैकीं एक गळते आणि दुसरी गळत नाहीं, यांत असंभवनीय असें कांहीं नाहीं. कांच पूर्ण बसली होती कीं नाहीं, नळ्या मोकळ्या होत्या कीं नाहीं, त्या जागेवर होत्या कीं नाहीं, यावर सगळें अवलंबून असतें. शिवाय पन्हळीची धाव पावसाच्या मानानें ठरवलेली असते. उंचावरून एके ठिकाणीं कोसळणाऱ्या लोंढ्याच्या मानानें नव्हे. धबधब्याखालीं गाडी नेणें हें शौर्य नव्हे व परीक्षाहि नव्हे.

आतां गळती ओळखावी कशी तें पाहूं. पहिली गोष्ट, ओल कोठें आहे तें नीट पाहावें. पुढच्या खांबाचें अस्तर किंवा आरशाजवळचा छताचा भाग ओला असेल तर पुढच्या नळ्यांचा संशय घ्यावा. मागच्या आसनाच्या डोक्यावर किंवा सामान ठेवण्याच्या जागेंत पाणी असेल तर मागच्या नळ्यांचा. छत कोरडें, पण पायांखालचा गालिचा भिजलेला, असें असल्यास नळी खांबाच्या आंत निसटलेली असूं शकते. परंतु पुढच्या डाव्या आसनाच्या पायांशींच तेवढें पाणी असेल, तर तें पावसाचें नसून वातानुकूलन यंत्राचेंहि असूं शकतें. त्या यंत्रांत हवेंतला दमटपणा गोठून जें पाणी सांठतें त्याची स्वतंत्र नळी तुंबली कीं तें आंत येतें. भर उन्हाळ्यांतहि पाणी दिसलें तर तें हेंच समजावें. अत्तराच्या कुप्या ठेवूनहि न जाणारा कुबट वास आणि सकाळीं आंतून धुरकटलेल्या कांचा, हीं लपलेल्या ओलीचीं दोन ठळक लक्षणें होत.

दुसरी गोष्ट, परीक्षा. गाडी सपाट जागीं उभी करावी, छत उघडावें, आणि पन्हळीच्या एका कोपऱ्यांत फुलपात्रभर पाणी सावकाश ओतावें. तांब्या किंवा बादली घेऊं नये. दुसऱ्या माणसानें गाडीखालीं वांकून पाहावें. थोड्याच क्षणांत त्या बाजूस पाणी गळूं लागलें तर ती वाट मोकळी आहे. पाणी पन्हळींत तुंबून राहिलें किंवा अगदीं थेंबथेंबानें उतरलें तर वाट बुजली आहे. पाणी पन्हळींतून गेलें पण खालीं आलेंच नाहीं, तर नळी आंतल्या आंत सुटली आहे. तेव्हां पुढें पाणी ओतण्याचें थांबवावें. चारहि कोपरे ठीक असून गळती होतच असेल, तर छत बंद करून बागेच्या नळीनें मंद पाणी सोडावें. आधीं पुढची कांच व दारें, मग टप, असें खालून वर जावें आणि एकानें विजेरी घेऊन आंत बसावें. कायमच्या कांचेची चिकटवलेली कड, टपावर सामानासाठीं लावलेल्या दांड्यांचीं भोकें, दाराचीं रबरें, या सगळ्या जागा अशा रीतीनें एकेक करून निकालांत काढतां येतात. निदानावांचून औषध देऊं नये हा वैद्यांचा नियम येथेंहि खरा आहे.

तुंबलेली वाट मोकळी करणें हें काम अवघड नाहीं, परंतु नाजूक आहे. प्रथम पन्हळींतली माती, शेवाळ व पानें ओल्या फडक्यानें टिपून घ्यावीं. तीं भोकांत लोटूं नयेत. नंतर गवत कापण्याच्या यंत्रांत वापरतात तशी मऊ नायलॉनची दोरी भोकांतून हलक्या हातानें आंत सोडावी, व अडेल तेथें जोर न करतां फिरवीत पुढें न्यावी. लोखंडी तार कदापि घालूं नये, कारण तिनें नळीस भोंक पडतें आणि मग पाणी सरळ खांबांत उतरतें. टायरांत हवा भरण्याच्या यंत्राचा जोराचा झोतहि मारूं नये. तेणेंकरून नळी सांध्यांतून निसटते, आणि एका मिनिटाच्या उतावीळपणापायीं सगळें छत उतरवावें लागतें. छताचें अस्तर तर घरीं मुळींच ओढूं नये. अपघाताच्या वेळीं डोक्याचें रक्षण करणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅगा पुष्कळ गाड्यांत छताच्या कडेनेंच घडी करून ठेवलेल्या असतात. तेथें हात घालणें हें शिकलेल्या कारागिराचें काम आहे.

रबरी पट्टीची निगा साधी आहे. ती ओल्या फडक्यानें पुसावी, वाळूं द्यावी आणि रबरासाठीं मिळणारें सिलिकॉनचें ग्रीस बोटावर घेऊन तिच्यावर अगदीं पातळ चोळावें. खनिज तेल किंवा साधें ग्रीस लावूं नये. त्यानें पुष्कळ जातींचें रबर फुगतें व सैल पडतें. याच सिलिकॉन नांवाचा एक दुसरा पदार्थ दुकानांत मिळतो, जो न्हाणीघरांतील फटी बुजवण्यासाठीं वापरतात. नांव एकच म्हणून पुष्कळांची फसगत होते. तो छतास लावणें म्हणजे रोग्यास पथ्याऐवजीं विष देणें होय.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत असेंच घडलें. तिघां भावांची मिळून एक गाडी, आणि आषाढांत तिचें छत गळूं लागलें. वाटेवरच्या एका कारागिरानें कांचेच्या सभोंवार तो फटी बुजवण्याचा पदार्थ जाड भरला. गळती दोन दिवस थांबली, आणि सर्वांनीं त्याची वाहवा केली. खरें कारण मात्र आंब्याच्या मोहोराचा लगदा नळीच्या तोंडाशीं बसला होता हें होतें. बाहेरून पडणारें पाणी थोडें कमी झालें, पण आंत शिरलेल्या पाण्यास वाट उरली नाहीं. तें अस्तराच्या मागून गुपचूप खालीं उतरलें, गालिच्याखालच्या स्पंजांत मुरलें आणि तेथून जाणाऱ्या विजेच्या तारांच्या जोडांस गंज चढला. पुढें मूळ दुरुस्तीस नेलें तेव्हां बाहेरचा पदार्थ लावल्याचें कारण दाखवून हमींतून खर्च देण्यास नकार मिळाला. फुलपात्रभर पाण्यानें जें कळलें असतें तें समजण्यास त्या घरास एक सबंध वर्षाची बचत घालवावी लागली, आणि तिघां भावांत जो अबोला आला त्याची किंमत निराळीच.

डोंगरांत जाणाऱ्या गाडीस याखेरीज आणखी एक जाच असतो. पाच्छापूर किंवा ठाकूरवाडी या सुधागडाच्या पायथ्याच्या गांवांकडील खडबडीत वाटेवर एक चाक खळग्यांत आणि समोरचें चाक दगडावर, असा प्रसंग येतो तेव्हां सबंध गाडी पिळली जाते. पोलादास हा पीळ सोसतो. कांचेस तो सोसत नाहीं. म्हणून कांच लवचीक चिकट पदार्थानें बसवलेली असते. तरीहि असा पीळ वर्षानुवर्षें पडत राहिला कीं सांधे सैल होतात, नळ्यांचीं टोकें हलतात, आणि आधीं कुरकुर, मग गळती, असा क्रम लागतो. खडतर वाटेवर छत उघडें ठेवूं नये, आणि अशा सफरींवरून आल्यावर फुलपात्राची परीक्षा अवश्य करावी. गाडी तिरपी उभी असली कीं पन्हळींतलें पाणी एकाच कोपऱ्याकडे धांवतें, हेंहि लक्षांत ठेवावें. पावसांत उतारावर गाडी ठेवावयाची झाल्यास खालच्या अंगाच्या नळ्या तरी निर्विवाद मोकळ्या असल्या पाहिजेत.

आतां कांच फुटण्याविषयीं. छताच्या कांचा दोन जातींच्या असतात. पहिली टफन्ड म्हणजे टणक केलेली. कांच सुमारें सहाशें अंशांहून अधिक तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडले कीं बाहेरचा थर आधीं घट्ट होतो व आंतला मागाहून आकसतो. त्यामुळें पृष्ठभाग सदैव दाबाखालीं आणि गाभा सदैव ताणाखालीं राहतो. याचें मूळ एका जुन्या खेळांत आहे. वितळलेल्या कांचेचा थेंब पाण्यांत पाडला कीं शेपूट असलेली एक गोळी तयार होते. तिच्या डोक्यावर हातोडी मारली तरी ती टिकते, पण शेपटी मोडतांच सबंध गोळीचें पीठ होतें. १६६० च्या सुमारास राजपुत्र रूपर्ट यानें हे थेंब इंग्लंडांत नेले म्हणून ते त्याच्या नांवानें ओळखले जातात. टणक कांचेचा स्वभाव तोच. ती सहसा फुटत नाहीं. पण तिच्या कडेस घाव बसला, किंवा कांच ओततांना तिच्यांत निकेल सल्फाइडाचा सूक्ष्म कण राहून गेला, तर ती एखाद्या दुपारीं कोणी स्पर्शहि न करतां मोठ्या आवाजानें फुटते व तिचे बोथट चौकोनी तुकडे होतात. असें घडलें म्हणजे कोणी दगड मारला असें लोकांस वाटतें. प्रत्येक वेळीं तसें नसतें. २०१२ मध्यें अमेरिकेंत ह्युंदाई कंपनीनें आपल्या वेलोस्टर गाड्यांपैकीं सुमारें साडेतेरा हजार गाड्या छताच्या कांचा फुटण्याच्या भीतीमुळें परत बोलावल्या होत्या.

दुसरी जात लॅमिनेटेड म्हणजे दुपदरी कांच. दोन कांचांमध्यें पारदर्शक लवचीक पापुद्रा असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याच्या प्रयोगशाळेंत १९०३ मध्यें एक बाटली खालीं पडली. ती तडकली पण विखुरली नाहीं, कारण तिच्या आंत एका द्रव्याचा पापुद्रा वाळून बसला होता. त्यावरून पुढें त्यानें १९०९ मध्यें या कांचेचें पेटंट घेतलें. ही कांच तडकते, पण जागा सोडीत नाहीं. मोटारीच्या समोरच्या कांचा याच जातीच्या असतात. आपल्या छतास कोणती आहे हें कोपऱ्यावरच्या खुणेवरून बहुधा कळतें. गाडी घेण्यापूर्वीं हा प्रश्न दुकानदारास विचारणारे फार थोडे. रंग मात्र सर्वजण विचारतात.

हा भेद कां जाणावा, तर उपाय त्यावर अवलंबून आहे. दुपदरी कांचेस लहानसा टवका उडाला असेल व तो कडेपासून दूर असेल, तर त्यांत राळेसारखा द्रव भरून तडा थोपवतां येतो. टणक कांचेस ही दुरुस्ती नाहीं. तिला खोल ओरखडा किंवा टवका दिसला कीं ती बदलणें हाच मार्ग. तोंवर छत उघडूं नये, खालचा पडदा ओढून ठेवावा, तापलेल्या कांचेवर थंड पाण्याचा फवारा मारूं नये, आणि तिच्याखालीं मुलांस बसवूं नये.

प्रवासांत कांच फुटलीच तर चालकानें एकदम ब्रेक न दाबतां गाडी हळूहळू बाजूस घ्यावी. डोळ्यांत कण गेल्याची शंका असल्यास चोळूं नये. स्वच्छ पाण्यानें धुवावें व डॉक्टरांस दाखवावें. छताची कळ दाबून तें मागेंपुढें करण्याचा मोह टाळावा, कारण तुकडे सरकत्या पट्ट्यांत अडकून यंत्रच बिघडतें. छायाचित्रें घेऊन झाल्यावर जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री बाहेरून पसरावी, तिच्या कडा दारांत दाबाव्या, कोरड्या पत्र्यावर चिकटपट्टी लावावी, आणि सावकाश जवळच्या ठिकाणीं जावें. नवी कांच चिकटवल्यावर तो पदार्थ पुरता आळेपर्यंत कारागीर सांगेल तितका वेळ गाडी हलवूं नये, व पुढचे कांहीं दिवस जोराच्या फवाऱ्यानें धुऊं नये.

खर्चाच्या बाबतींत चार गोष्टी घरांतील कर्त्या माणसास ठाऊक असाव्या. केवळ त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असेल तर आपल्या कांचेचा एक पैसाहि मिळत नाहीं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. त्या विम्यांत प्रचलित पद्धतीनें कांचेच्या भागांवर घसारा धरीत नाहींत. परंतु रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात. शिवाय पंधराशें सी. सी. पर्यंतच्या गाडीस एक हजार व त्यावरील गाडीस दोन हजार रुपये प्रत्येक दाव्याच्या वेळीं आपणांस सोसावे लागतात, आणि दावा न केल्याबद्दलची जी सवलत पहिल्या वर्षीं वीस टक्क्यांपासून पुढें पन्नास टक्क्यांपर्यंत चढते ती गमवावी लागते. म्हणून लहान खर्चास दावा करणें पुष्कळदां आंतबट्ट्याचें होतें. कांच अपघातानें फुटली तर विमा आहे. पण हळूहळू झालेली झीज व गळती ही विम्याची बाब नव्हे, ती कंपनीच्या हमीची बाब आहे. यासाठीं प्रत्येक तक्रार लेखी द्यावी, पोंच घ्यावी आणि छायाचित्रें तारखेसह जपावीं.

इतकें करूनहि दाद लागली नाहीं तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवा आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपल्या जिल्ह्याचा तो अलिबागेस आहे. पन्नास लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या मालाच्या तक्रारी तेथें चालतात, आणि तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज करावा लागतो. भांडण तोंडानें करणारा थकतो. कागदानें करणारा बहुधा जिंकतो.

शेवटीं एक सूचना. गाडीच्या छतासहि वर्षांतून दोन वेळां शाकारणी ठरवून टाकावी: एकदां वैशाखांत, मोहोर व पाचोळा झडून गेल्यावर, आणि एकदां दसऱ्यास, गाडीस झेंडूचा हार घालण्यापूर्वीं. त्या दिवशीं यंत्राची पूजा करावयाचीच असते. तेव्हां तिची पन्हळ पुसणें हाहि पूजेचाच भाग समजावा. हें काम घरांतील दहाबारा वर्षांच्या मुलामुलींस सांगावें. एकानें पाणी ओतावें, दुसऱ्यानें खालीं वांकून थेंब मोजावे. त्यांतून त्यांस यंत्राची ओळख होईल. तसेंच, चालत्या गाडींत छतांतून डोकें बाहेर काढून उभें राहण्याची जी खोड मुलांस लागली आहे तीहि मोडावी. फांदी किंवा तार वयाचा विचार करीत नाहीं, आणि अचानक ब्रेक लागला तर कांचेची कड छातीवर येते.

जे अद्याप गाडी घ्यावयाच्या विचारांत आहेत त्यांनीं घरांत बसून एक साधा हिशेब करावा. वर्षांतले चार महिने आकाश गळत असतें, चार महिने तें तापत असतें. उरलेल्या चार महिन्यांतील चांदणें पाहण्यास अंगण पुरतें कीं कांचेचें छत हवें? हवें असल्यास अवश्य घ्यावें; त्यांत वाईट कांहींच नाहीं. मात्र तें घेतांना त्याच्या चारहि नळ्या कोठें उघडतात हें दुकानांतच विचारून, वहींत टिपून घ्यावें.